जिमच्या पोरांना शिकवू की नको?

ताई, नमस्कार.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. सांगलीत विश्रामबागला चौदा वर्षं माझं क्लिनिक आहे. पक्षाघात, पार्किन्सन्स (कंपवात), मणक्याला मार लागलेले, असे पेशंट माझ्याकडं जास्त. आमच्याच रस्त्यावर एक जिम आहे. मालक ओळखीचे, माणूस सरळ. गेल्या वर्षी ते म्हणाले, "मॅडम, तुमच्याकडनं सावरलेले लोक आमच्याकडं येतात, पण माझी पोरं घाबरतात. जरा शिकवा की त्यांना." मी दोन रविवार चार ट्रेनरना शिकवलं. महिन्याच्या आत पक्षाघातातून उठलेल्या ५२ वर्षांच्या एका बाईंचा डावा हात त्यातल्या एकानं लॅट पुलडाऊनच्या (डोक्यावरनं दांडा खाली ओढायच्या यंत्राच्या) दांड्याला लावून वर ओढला. खांदा तीन आठवडे ठणकत होता. त्यांचा मुलगा माझ्या क्लिनिकमध्ये येऊन बोलून गेला. आमच्या व्यवसायातल्या मैत्रिणी म्हणतात, "आपल्याच पोटावर पाय देतेस आणि वर बोलणीही खातेस." मालक म्हणतात, पुन्हा शिकवा. तो ट्रेनर मला बघितलं की मागच्या दारानं जातो. बारावी झालेली, तीन महिन्यांचा कोर्स केलेली ही पोरं. त्यांना हे शिकवता येतं का? शिकवावं का? आणि उद्या काही झालं तर मान कुणाची अडकणार?

— एक वाचक, सांगली

*

आधी मैत्रिणींचं बघू, ते लवकर आटपतं.

तुमचं जुनं रजिस्टर काढा आणि तीन वर्षांपूर्वीचे पार्किन्सन्सचे पेशंट मोजा. त्यातले आज किती येतात? मी माझ्या मिरजेच्या क्लिनिकचं एकदा मोजलं होतं, एका हाताची बोटं पुरली. बाकीचे बरे झाले म्हणून थांबलेले नव्हते. पैसे संपले, सोडायला येणारा मुलगा पुण्याला गेला, पाऊस सुरू झाला, सून बाळंतपणाला गेली. मग "आता घरीच करतील" असं ठरतं, आणि घरी म्हणजे कॉटवर, टीव्हीसमोर. पार्किन्सन्स फाउंडेशन आणि अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन यांनी २०२१ साली मिळून जे सांगितलंय ते तुम्हाला पाठ असेल: आठवड्यातनं तीन दिवस अर्धा अर्धा तास दम लागेल असा व्यायाम, दोन-तीन दिवस ताकदीचा, दोन-तीन दिवस तोलाचा, शिवाय अंग ताणायचा. साठीत निदान झालेला माणूस पुढं पंधरा-वीस वर्षं जगतो. इतकी वर्षं, आठवड्यातनं इतके दिवस तो तुमच्या दोन खाटांच्या क्लिनिकमध्ये येणार आहे का? तुमच्या मैत्रिणी ज्याला पोट म्हणतायत ती भाकरी त्यांच्या ताटात आजही नाही. ती कुणाच्याच ताटात नाही.

उलट माझा अनुभव सांगते. जिममध्ये टिकलेला पेशंट दर तीन महिन्यांनी तपासणीला माझ्याकडं यायचा, कारण ट्रेनर त्याला पाठवायचा. कॉटवर बसलेला यायचा तो पडून खुबा मोडल्यावर.

आणि हे काही आपण नव्यानं काढलेलं खूळ नाही. अमेरिकेत इंडियानापोलिसला स्कॉट न्यूमन म्हणून एक माजी सरकारी वकील. चाळिशीत पार्किन्सन्स झाला. त्यांनी बॉक्सिंगचा सराव सुरू केला, आपल्यात फरक पडतोय हे बघितलं आणि २००६ साली 'रॉक स्टेडी बॉक्सिंग' काढलं. तिथं कुणी कुणाला मारत नाही, ठोसे पडतात ते बॅगवर. पण शिकवायला उभा असतो तो व्यायामाचा कोच, आणि त्याला या आजारासाठी वेगळं तयार केलेलं असतं. तयार केलेलं, हा शब्द ध्यानात ठेवा, कारण तुमची खरी अडचण तिथं आहे.

तुम्ही दोन रविवार शिकवलंत. मी एकच रविवार शिकवलं होतं, त्यामुळं तुम्हाला हसायचा मला अधिकार नाही.

बारा-तेरा वर्षं झाली. एका जिममध्ये मी लॅपटॉप घेऊन गेले. मेंदूची चित्रं, या आजारात मेंदूत कमी पडणारं डोपामिन कुठं तयार होतं, १८१७ साली जेम्स पार्किन्सन यांनी या कंपवाताचं वर्णन कसं केलं, सगळं झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या, माझ्याबरोबर फोटो काढले, वडापाव खाल्ला. पंधरा दिवसांनी मालकाचा फोन. एक निवृत्त शिक्षक, पार्किन्सन्सचे पेशंट, रोज येणारे. आठवडाभर सायकलवर बसायचे आणि अकराच्या सुमाराला सीटवरच जाम व्हायचे. पाय पॅडलवर तसेच, हात हँडलवर तसेच, दोघांनी मिळून उतरवायला लागायचं. घरच्यांना वाटलं आजार एका आठवड्यात वाढला. त्यांच्या न्यूरॉलॉजिस्टनी एकच प्रश्न विचारला: "नवीन काय सुरू केलंय?" सुरू केलं होतं प्रोटीन पावडर. ट्रेनरनं मोठ्या प्रेमानं, फुकट, स्वतःच्या डब्यातली, रोज दहा वाजता एक स्कूप दुधातनं दिली होती. आणि दहा वाजताच सरांची लेव्होडोपाची, म्हणजे पार्किन्सन्सवरची, गोळी असायची.

तुम्हाला कारण माहीत आहे, वाचकांसाठी लिहिते. प्रोटीन पचून जे घटक तयार होतात ते आणि ही गोळी, दोघांनाही आतड्यातनं रक्तात आणि रक्तातनं मेंदूत जायला वाट एकच. गर्दी झाली की गोळी मागं राहते. प्रोटीन वाईट नव्हतं, वेळ वाईट होती. वेळ बदलली आणि सर चार दिवसांत पहिल्यासारखे सायकल मारायला लागले.

आता बघा, डोपामिन कुठल्या पेशीत तयार होतं हे त्या ट्रेनरला मी सांगितलं होतं. "काकांची गोळी किती वाजता असते ते विचार" एवढं एक वाक्य मात्र सांगितलं नव्हतं. मी आजार शिकवला होता, सकाळी दहा वाजता दारातनं आत येणारा माणूस शिकवला नव्हता.

तुमच्या त्या पोराचंही तसंच झालंय, आणि त्याला मूर्ख ठरवण्याआधी तो कुठल्या मातीतला आहे ते बघा. हा जिल्हा कवठेपिरानच्या मारुती मान्यांचा. १९६२ च्या जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आलेला मल्ल. इथल्या पोराच्या घरात आजोबा नाहीतर चुलते तालमीतले असतात. तालमीत काय बघितलेलं असतं? अंग धरलं, खांदा जखडला की वस्ताद तेल लावून, रगडून, ओढून मोकळा करतात. जखडलं म्हणजे जोर लावायचा, हे त्याला कुणी शिकवलेलं नाही, ते त्याच्या हातातच आहे. त्या बाईंचा हात वर जाईना, त्यानं वर नेला. मदत म्हणून नेला.

तिथं त्याला सांगायला हवं होतं ते असं: पैलवानाचा खांदा जखडतो तो स्नायूत, या बाईंचा बिघाड हुकूम देणाऱ्या ठिकाणी, म्हणजे मेंदूत आहे. खांदा म्हणजे उथळ बशीत ठेवलेला चेंडू. त्याला जागेवर धरतात आजूबाजूचे स्नायू. पक्षाघातानंतर ते ढिले पडले की हाताच्या नुसत्या वजनानं चेंडू बशीतनं खाली उतरतो. त्यात कुणी वरनं ओढलं की मधलं सगळं चिमटतं. म्हणून अधू हात ओढायचा नाही, त्याला धरून माणसाला उठवायचं नाही, आणि डोक्यावरची पुली त्या हाताला लावायची नाही. हे बोलायला दीड मिनिट लागतं. पण बोलून तेवढ्यापुरतं कळतं, हातात उतरत नाही. त्यासाठी एक चहाचा कप आणि बशी घ्या, बशीत लिंबू ठेवा आणि पोराला म्हणा, आता हे न पाडता तिरकं कर. मी हे केलंय. लिंबू घरंगळून टेबलाखाली गेलं की पुढचं फार बोलावं लागत नाही.

आता शिकवायचं कसं, हे तुम्ही विचारलंय. माझी पद्धत नंतर पार बदलली. पहिला महिना मी व्यायाम शिकवतच नाही, बघायला शिकवते. पेशंटची परवानगी घेऊन एका वेळी एकाच ट्रेनरला क्लिनिकमध्ये बसवते. हात मांडीवर, मोबाईल बाहेर, शेजारी शंभर पानी वही. काम एकच: आलेला माणूस चप्पल कशी काढतो ते बघ आणि लिही.

चप्पलच का, तर त्यात सगळं येतं. एका पायावर तोल, वाकणं, भिंतीचा आधार, उंबरा, आणि हे सगळं चालू असताना कुणी "काय काका, बरंय का?" म्हटलं तर काय होतं तेही. एका ट्रेनरची पहिल्या दिवसाची नोंद होती: "काका स्लो आहेत." एवढीच. तिसऱ्या आठवड्यात त्याच पोरानं त्याच काकांबद्दल लिहिलं: "डावी चप्पल काढताना भिंत धरली, उजवीला नाही. उंबऱ्याजवळ पाय चिकटले, सात सेकंद. मी बोललो तेव्हा चालायचे थांबले, बोलून झाल्यावर चालले." ती वही मी अजून ठेवलीये. त्या शेवटच्या वाक्यात दोन कामं एकदम न होण्याची सगळी गोष्ट आहे, आणि याला शास्त्रात काय म्हणतात हे त्याला माहीतसुद्धा नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून त्यानं चालताना काकांशी गप्पा मारणं आपण होऊन बंद केलं. आधी थांबायचं, मग बोलायचं.

बघणं थोडं जमायला लागलं की पोरांचं स्वतःचं अंग कामाला लावायचं. उजवा हात कमरेला बांधून शर्टाची बटणं लावायला सांगा. दोन्ही हातांत बागकामाचे जाड हातमोजे घालून वीस रुपयांची नोट पाकिटातनं काढायला लावा. पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला घेऊन चालायचं आणि चालता चालता शंभरातनं सात सात वजा करत जायचं. नव्वद किलोची बेंच मारणारा गडी त्र्याण्णव, शहाऐंशी म्हणेपर्यंत पाणी सांडतो, आणि बाकीचे हसतात. हसू द्या. हसून झालं की सांगा, काकांचा प्रत्येक पेला असाच काठोकाठ भरलेला असतो.

दुसऱ्या महिन्यापासून तुम्ही जिममध्ये जायचं. आठवड्यातनं एकदा, एक तास. वस्ताद हौदाच्या कडेला बसतात तसं कडेला बसायचं. मध्ये बोलायचं नाही. पेशंटसमोर ट्रेनरची चूक काढायची नाही, जीव धोक्यात असल्याशिवाय. पेशंट गेला की दहा मिनिटं बोलायचं. आणि बोलायला लागायचं ते "तू काय बघितलंस?" इथनं. हे तीन महिने तरी चालवा. दोन रविवारांत होणारं काम नाही हे.

व्यायामाबद्दल पोरांना काय काय द्यायचं ते तुम्ही जाणताच, तरी माझ्या अनुभवात कुठं घसरतं तेवढं सांगते.

पार्किन्सन्समध्ये गोळीचं घड्याळ आधी. गोळी लागू पडलेली असते तो तास व्यायामाचा. उतरत्या वेळेला जड काही नाही. पाठीवर झोपून बेंच केली की एकदम उभं करायचं नाही, कारण रक्तदाब खाली येतो आणि माणूस डोळ्यांपुढं अंधारी येऊन पडतो. आधी बसवा, दोन मिनिटं जाऊ द्या, मग उभं करा. वळताना जागच्या जागी गिरकी नको, बैलगाडी वळते तसं मोठ्या गोलातनं. पाय चिकटले तर ओढायचं नाही, ढकलायचं नाही, "चला चला" तर अजिबात नाही. थांबा म्हणायचं, श्वास घेऊ द्यायचा, वजन एका पायावरनं दुसऱ्यावर झुलवायचं आणि मग एक मोठं पाऊल. जमिनीवर रंगीत टेपचे पट्टे मारले की पुष्कळांना त्या पट्ट्यावरनं पाऊल टाकता येतं, साध्या फरशीवर येत नाही. ताल दिला तरी येतं. कवलापूरकडचे एक काका होते, तरुणपणी लेझीम खेळलेले. जिमच्या दारात अडकायचे. ट्रेनरनं काउंटरच्या पत्र्यावर हलगीचा ठेका धरला आणि काका आत आले, अगदी पाय उचलून. पोरगा इतका खूश झाला की त्यानं मोबाईलवर ठेका भरून घेतला आणि दुसऱ्या एका आजींना तोच लावला. आजींना त्या आवाजानं धडधडायला लागलं. त्या तुळजापूरच्या देवीची आरती मनात म्हणत चालायच्या, त्यांना तीच बरी पडली. कुणाला काय चालतं ते प्रत्येकाबरोबर नव्यानं शोधावं लागतं.

पक्षाघातात हाताइतकीच काळजी श्वासाची. जड उचलताना दम कोंडायची आपल्या पोरांना सवय असते, आणि तीच ते दुसऱ्याला लावतात. कोंडलेल्या दमानं रक्तदाब उसळतो. मोठ्यानं आकडे मोजत उचलायला सांगा, मोजणारा दम कोंडू शकत नाही. नाडीच्या आकड्यावर विसंबू नका. रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडी दाबून धरतात, मनगटावरचं घड्याळ "आरामात आहे" म्हणतं आणि माणूस थकलेला असतो. वाक्य पूर्ण बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, एवढा दम पुरे. आणि एक, ज्याला बोलता येत नाही त्याला कळत नाही असं धरून चालणं. डाव्या मेंदूला इजा झाली की उजवी बाजू जाते आणि पुष्कळदा भाषाही जाते. भाषा गेली म्हणजे अक्कल गेली नव्हे, कानही गेले नाहीत. त्यांच्यासमोर त्यांच्या बायकोला "ह्यास्नी जेवण जातंय का?" असं विचारणारा ट्रेनर मला चालत नाही. त्यांना विचारा, हो-नाही मानेनं सांगतील.

मल्टिपल स्क्लेरोसिसचे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूवर उलटते तो आजार) पेशंट तुमच्याकडं थोडे येतील, पण येतील ते तरुण असतील, तिशी-पस्तिशीचे, बहुतेक बायका. त्यांच्यासाठी सांगलीचा एप्रिल आणि मे अवघड. शरीर तापलं की दिसणं, चालणं तात्पुरतं बिघडतं. विल्हेल्म उह्टहॉफ या जर्मन डॉक्टरनं १८९० साली हे नोंदवलं होतं. पत्र्याच्या छताखालची जिम असेल तर त्यांना सकाळी सहाची वेळ, पंख्याखाली, गार पाणी, मानेवर ओला नॅपकिन. आणि त्यांची थकावट म्हणजे आळस नव्हे. "अजून दोन, अजून दोन" हे ओरडणं त्यांच्यापाशी बंद.

फिट आली तर कांदा नाही, चप्पल नाही, तोंडात चमचा नाही, हातपाय दाबून धरणं नाही. आजूबाजूची वजनं बाजूला, माणूस कुशीवर, घड्याळात वेळ. पाच मिनिटांवर गेली तर १०८. तोंड एका बाजूला ओढलं, हात गळाला, बोलणं अडखळलं तर तो पक्षाघाताचा झटका धरा: मालिश नाही, लिंबूपाणी नाही, "जरा पडा, बरं वाटेल" नाही. शेवटचं नीट कधी बघितलं ती वेळ लक्षात ठेवून सरळ मोठ्या दवाखान्यात. मेंदूतली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि सांगली-मिरजेचा माणूस या बाबतीत नशीबवान आहे, दवाखाने हाताशी आहेत. जिल्ह्याच्या टोकाला असलेल्या जतचा नसतो.

हे सगळं एका कागदावर मावतं. मोठ्या अक्षरात, मराठीत, जिमच्या काउंटरमागं चिकटवा. त्या शेजारी फरशीवर तीन मीटरचं अंतर टेपनं आखून ठेवा आणि एक साधी खुर्ची. खुर्चीतनं उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, मोबाईलवर सेकंद मोजायचे. बारा किंवा जास्त आले तर पडण्याचा धोका. महिन्यातनं एकदा, त्याच वेळेला, त्याच चपलेत. हे मोजमाप पोरांना आवडतं, कारण त्यांना किलो आणि इंच मोजायची सवय असतेच. आकडा दोन सेकंदांनी वाढला तर ट्रेनरनं डोकं चालवायचं नाही, तुम्हाला फोन करायचा.

जबाबदारीचं सांगते, कारण ते तुम्हाला झोपू देत नसणार. बाहेरनं आलेला असा प्रत्येक माणूस आधी तुमच्या टेबलावर यायला हवा. डॉक्टरांची चिठ्ठी, तुमची तपासणी, मग तुम्ही लिहून दिलेला कागद: काय करायचं, काय नाही, कुठल्या बाजूला उभं राहायचं. ट्रेनर त्या कागदाबाहेर जाणार नाही. तो निदान करणार नाही, गोळीबद्दल बोलणार नाही, पावडर विकणार नाही, आणि तुम्हाला विचारल्याशिवाय वजन वाढवणार नाही. मालकांनी हे लेखी द्यायचं. पेशंटच्या घरच्यांना हा कागद दाखवायचा आणि त्यांची सही घ्यायची. त्या बाई तुमच्या टेबलावरनं गेल्या होत्या का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. मला वाटतं, गेल्या नव्हत्या. परस्पर जिममध्ये नाव नोंदवलं असणार. तसं असेल तर चूक पोराच्या हाताची कमी आणि तुमच्या दोघांच्या व्यवस्थेची जास्त.

जिम पहिल्या मजल्यावर असेल तर जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा करून मागा. एकाच बाजूला असला तर अर्धांगाचा माणूस चढताना धरतो आणि उतरताना त्याच्या चांगल्या हाताला भिंत येते. मालक कुरकुरतील. त्यांना सांगा, एका ट्रेडमिलच्या दुरुस्तीत कठडा होतो.

चारही पोरांना शिकवू नका. दोघं निवडा. निवडताना दंड बघू नका. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर कोण वजनं जागेवर लावतो आणि नवीन आलेल्या लाजऱ्या माणसाजवळ कोण न बोलावता जाऊन उभा राहतो, ते बघा. थांबता येणं हा यातला मोठा गुण आहे, आणि तो जिममध्ये दुर्मीळ. ज्याला प्रत्येक गोष्टीची रील करायची घाई आहे त्याला तर आधीच बाजूला ठेवा. "आधी आणि नंतर"चे व्हिडिओ टाकायला मीही एकदा भोळेपणानं परवानगी दिली होती. त्यातल्या काकांच्या नातीला वर्गात पोरांनी त्यांच्या चालण्याची नक्कल करून दाखवली. काका परत जिमला आले नाहीत.

आणि फी घ्या. मालकाकडनं घ्या, महिन्याची ठरवून घ्या. फुकट शिकवलं तर तुमचा तास सगळ्यांत आधी रद्द होतो, कुणाच्या तरी वाढदिवसाला. शिवाय मैत्रिणींनाही उत्तर मिळेल. त्यातल्या एकीला बरोबर घ्या, नाही कशाला म्हणेल?

राहिला तो मागच्या दारानं जाणारा पोरगा. माझं मत विचाराल तर तुम्ही निवडाल त्या दोघांतला एक तोच असावा. ज्याच्या हातून हे एकदा झालंय आणि ज्याला त्याची लाज वाटतीये, तो परत अधू हात ओढणार नाही. बाकीच्या तिघांबद्दल मी हे सांगू शकत नाही. पण त्याआधी त्याला घेऊन त्या बाईंच्या घरी जा. फोन करून, वेळ घेऊन. तुम्ही गप्प बसायचं, तो बोलेल. त्याला एवढंच सांगून ठेवा की माफी मागायची ती मुलाकडं नाही, बाईंकडं. आणि पाया पडायला वाकला तर त्या उठवायला डावा हात पुढं करतील, तो धरायचा नाही.